माझ्या मागचे दोघे

३ फेब्रुवारी
आज नाव नोंदवलं. पन्नास किलोमीटर, सगळे डोंगरातले. वाटेतली खिंड बारा हजार फुटांवर.
झालं असं, की रविवारी जेवताना मेहुण्याला मी जरा बोललो. तो गेल्या वर्षी याच शर्यतीत दुसऱ्या चौकीवरून परत आला होता. म्हटलं, पाय थकत नसतात, मन थकतं. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, मग भाऊजी, या वर्षी तुमचं मन पाठवा. सगळे हसले. बायको जरा जास्तच.
आता दुसऱ्या चौकीच्या पुढे जाणं भाग आहे. नाहीतर सासुरवाडीत तोंड उघडायची सोय नाही.
स्वतःला विचारलं: हे ईर्ष्येपोटी आहे का? नाही. आरोग्यासाठी.

४ फेब्रुवारी, पहाटे
अलार्म बंद केला. विश्रांती हा सरावाचाच भाग असतो. सराव सुरू होण्याआधीची विश्रांती त्यात धरावी का? शंका आहे. तूर्त धरली.

२१ फेब्रुवारी
धावलो! बेकरीपर्यंत. येताना हातात पाव होता म्हणून चालत आलो. बायको म्हणाली, एवढे महागाचे बूट घालून गेलातच, तर दूधही आणायचं. खेळाडूची मानसिकता घरच्यांना कळत नाही.

१९ मार्च
विरळ हवेची सवय व्हायला आठवडाभर आधी वर जाऊन राहावं म्हणतात. रजा नाही. पण आमचं ऑफिस सहाव्या मजल्यावर आहे आणि मी तिथे वर्षानुवर्षं बसतोय. काहीतरी परिणाम झालाच असणार. प्रामाणिकपणे सहावा मजला मोजता येणार नाही. पण अगदी शून्यही म्हणता येणार नाही. विमा कंपनीत लोकांचे फुगवलेले दावे तपासणं हेच माझं काम, त्यामुळे मी स्वतःलाही सवलत देत नाही.
उद्यापासून लिफ्ट वर्ज्य.

२० मार्च
दुसऱ्या मजल्यावर साहेब लिफ्टसाठी उभे दिसले. म्हणाले, या. नाही कसं म्हणणार?

८ मे
मुलीने विचारलं, बाबा, तू कितवा येणार? म्हटलं, पहिल्या शंभरात. मग चुटपुट लागली. मुलांना खोटी आश्वासनं देऊ नयेत. चौकशी केली. एकूण नव्वदच जण धावणार आहेत. मन हलकं झालं.

१२ जून
डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. मोजे घालताना धाप लागली. प्रवासाचा शीण.
मेहुणाही आलाय. धावायला नाही, दुसऱ्या चौकीवर स्वयंसेवक म्हणून. मुद्दाम! म्हणाला, भाऊजी, चहा तयार ठेवतो, निवांत बसून प्या. म्हटलं, मी उभ्यानेच घेईन.

१३ जून, सकाळ, मोबाईलवर
पहिली चौकी पार. सुरुवातीला सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. घाईघाईत वर जाणारे नंतर कोसळतात. वाट सोपी आहे, जागोजाग खुणेचे लाल झेंडे रोवलेत.
माझ्या मागे दोघे आहेत! नारिंगी जाकिटं. चढ सुरू झाल्यापासून त्यांना पुढे जाऊ दिलेलं नाही.

१३ जून, थोड्या वेळाने
दोघांची दया येते. मी थांबलो की थांबतात, स्वतःच्या बळावर पुढे यायची हिंमत नाही. सारखे खाली वाकतात. उंचीचा त्रास, मळमळत असणार. शिवाय पाठीवर झेंड्यांचा भारा! एवढं ओझं घेऊन कोणी धावतं का? नवखे.
आपण त्यांना फार दमवतोय का, असं मनात आलं. वळून म्हटलं, पोरांनो, पाय थकत नसतात, मन थकतं. उंच होता तो म्हणाला, हो काका, तुम्ही सावकाश चला. शिकण्याची वृत्ती चांगली आहे.

१३ जून, संध्याकाळ
दुसऱ्या चौकीवर पोचलो तेव्हा तंबूच्या निम्म्या दोऱ्या सोडून झाल्या होत्या. मेहुणा धावत आला. मी म्हटलं, माझं राहू दे, आधी या दोघांना चहा दे, त्यांची अवस्था बरी नाही.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेहुण्याने मला खुर्चीवर बसवलं आणि हळूच सांगितलं, की हे शर्यतीतले नाहीत. शेवटच्या माणसाच्या मागे राहून झेंडे काढत यायचं, एवढंच यांचं काम. चौकीवर पोचायची ठरलेली वेळ कधीच संपली होती. मी शर्यतीतून बाद, म्हणून माझ्या मनगटावरचा स्पर्धकाचा पट्टा त्यानेच कापला.
मी चहा बसून प्यायलो. दोन कप. त्याने रिकामे कप उचलले. मग म्हणाला, भाऊजी, घरी बोलू नका, पण गेल्या वर्षी मी यांना माझं पाणी दिलं होतं. बिचारे मागे पडलेत म्हणून.
आम्ही दोघेही इतके हसलो की मला पुन्हा धाप लागली.
खाली आल्यावर मुलीचा फोन. पहिल्या शंभरात का? म्हटलं, हो. तिने विचारलं, म्हणजे शेवटचा नाही ना? मेहुण्याने फोन हातातून घेतला आणि म्हणाला, छे गं, बाबाच्या मागे चांगले दोघे होते.
दावा तपासला. एकही शब्द खोटा नाही. तरी नामंजूर.