शुक्रवारचा बॅकअप

प्रिय पप्पा,

बॅकअप झाला. एवढंच कळवायला बसलोय. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, बापाला जाऊन आठवडा नाही झाला आणि याचं हे काय चाललंय! तुम्ही मात्र दर रविवारी विचारायचात, झालं का रे तुझं ते?

मला अजून रडू आलेलं नाही. लोक डबे घेऊन येतात, मी जेवतो, हात धुतो, परत चटईवर येऊन बसतो. काही वाटतच नाही, पप्पा.

माझ्या रोडपालीच्या घरात सगळ्यांचे फोटो-व्हिडिओ साठवायचा तो डबा आहे ना, त्याची डिस्क मरायला टेकली होती. तुमचा आवाज सगळा त्यातच. इतक्या वर्षांतल्या तुमच्या प्रार्थना, आणि मलिद्याच्या गोड पोह्यांच्या ताटासमोर मध्येच थांबून गूळ कमी पडला म्हणून आईला टोकणं. डबा उचलून आणायची हिंमत नव्हती, हलला तर गेलाच. म्हणून दुसरा डबा इथे पनवेलला तुमच्या कपाटावर ठेवला, नेटवरून सगळं त्यात उतरावं म्हणून. त्याला अख्खी रात्र आणि वर दिवस लागणार. तेवढा वेळ नेट मोकळं कधी? न्हावा शेवाच्या ऑफिसचं काम आठवडाभर मानेवर, रात्रीही घरच्या नेटवर, रविवारीही थोडं; शनिवारीच काय ती पूर्ण सुट्टी. मग शुक्रवारची रात्र ठरवली.

आणि दर शनिवारी फोनवर तेच. बॅकअप फेल, पलीकडचं यंत्र सापडत नाही. फोन करून विचारावं, तर शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत शब्बाथ, विसाव्याचा दिवस; तुम्ही फोनला हात लावत नव्हतात. रविवारी येऊन बघावं, तर हिरवा दिवा मजेत चालू! वायर बदलली, राउटर बदलला, नेटवाल्याशी भांडलो. तुम्ही शेजारी बसून बशीत चहा ओतत म्हणायचात, चालू तर दिसतंय. काय हो पप्पा!

परवा शनिवारी संध्याकाळी इथे बसलेलो असताना फोन वाजला. बॅकअप पूर्ण. मी काहीच केलं नव्हतं. आईला सहज सांगितलं, तर तिने कपाटाकडे पाहिलं.

"या शुक्रवारी बंद करायचं राहिलंच," ती म्हणाली.

मग कळलं. दर शुक्रवारी ती शब्बाथचे दिवे लावायच्या आधी तुम्ही डब्याचं बटण बंद करायचात. शनिवारी चांदण्या दिसल्या की चालू. आई म्हणायची, राहू द्या, पोराचं काहीतरी काम असेल. त्यावर तुमचं उत्तर तिला पाठ आहे.

"आपल्या आज्याने शनिवारी घाण्याला बैल जुंपला नाही. हा बिचारा आठवडाभर घुरघुरतो. एक दिवस बसू दे त्याला."

शनवार तेली आपण, कोकणातले ज्यू! शनिवारी घाणा बंद, बैलालाही सुट्टी, म्हणून गावाने ठेवलेलं नाव. लहानपणापासून ऐकतोय. पण कपाटावरच्या डब्यालाही तो नियम लागू, हे माझ्या डोक्यात कसं येणार? एका शब्दाने बोलायचंत तरी! राग आलाय मला तुमचा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं.

आज सकाळी रोडपालीची डिस्क बंद पडल्याचा निरोप आला. आता उघडणार नाही ती. इथल्या डब्यात सगळं उतरलंय, मी लावून पाहिलं, अगदी तुमचा खोकलासुद्धा. तुम्ही असतात तर हाही शुक्रवार फुकट गेला असता. तुमचा आवाज राहिला, कारण बटण बंद करायला तुम्ही नव्हतात. हे मी कोणाला सांगू?

रोडपालीला नवी डिस्क बसवतो; आता नवं थोडंथोडंच उतरवायचं, म्हणून बॅकअप मंगळवारी ठेवतो. शुक्रवारी ऑफिसातून थेट इथे येईन आणि आईने दिवे लावायच्या आधी बटण बंद करीन. मला यातलं फारसं पटत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तरी करीन.

तुमचा,
एझ्रा