समोरची खाट

मंगळवार, संध्याकाळ

समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याची खाट आमच्या दाराकडेच तोंड करून का असते? शहरातली उधन्याची खोली सोडून बारडोलीजवळच्या या गावात आलो, तेव्हापासून डोक्यात हेच.

तसे ते दोघं घडीभर स्वस्थ बसत नाहीत. काका सायकलवरून गवताचा भारा आणतात, बा परसातली भेंडी तोडतात, त्यातली मूठभर आम्हालाही देतात. पण संध्याकाळी खाटेवर टेकले की नजर थेट आमच्या घरात! आमचे हे तर वैतागलेच. "तो डोकरा आपलाच घरमा देखस!" म्हणून काल दाराला पडदा लावला. उधन्यात पडद्याशिवाय भागायचंच नाही, नाहीतर अख्खी गल्ली घरात.

आज दुपारी बा लगबगीने आल्या, हातात खिचडी-कढी. "बेटा, घरमां कोण मांदुं छे?" कोणीच आजारी नाही म्हटलं, तर पडद्याकडे बोट. इथे दिवसाढवळ्या दार झाकलं म्हणजे घरात दुखणं, असंच धरतात म्हणे. मला काय माहीत!

मग धीर करून विचारलंच, खाट अशी का ठेवता? बा हसल्या. आपल्या गुजराती-मराठीत म्हणाल्या, "आ घर केटलांय वरस बंद हतुं. अंधाराकडे तोंड करून कोण बसणार? खाट शेताकडे होती. तुम्ही दिवो लावला, त्या दिवशी काकांनी फिरवली."

पडदा काढून ठेवलाय. बाहेर अजून चांगला उजेड आहे. तरी दिवा लावला.