पुलापलीकडची मावशी

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन करावा तर खेळांची ही स्पर्धा सुरू झाल्यापासून तुम्ही तो उचललेला नाही. (तक्रार नाही. शहरात एवढे देश उतरल्यावर पूल खात्याचा मुख्य अभियंता भाच्याचे फोन कुठे घेत बसणार?) उद्घाटनाच्या फोटोत पाहुण्यांच्या मागे चौथ्या रांगेत तुमचा डावा कान दिसला. आईने तेवढ्यावरून ओळखलं आणि सुकलाय म्हणाली. मामींना नमस्कार, रक्तदाबाची गोळी चुकवू नका. आणि हे पत्र आभाराचं आहे, तेव्हा न घाबरता पुढे वाचा.

आधी कबुली देतो. गेली तीन वर्षं मी तुमच्या खात्याला शिलाई मशीनच्या पायडलच्या तालावर शिव्या दिल्या. तुम्हाला आठवत असेल, मावशी मुद्दाम आमच्या समोरच्या इमारतीत राहायला आली ती थोरल्या बहिणीच्या हाकेच्या अंतरावर राहावं म्हणून. रस्ता तेव्हा इतका चिंचोळा होता की दुधाचा वास आला की आई आमच्या गॅलरीतून ओरडायची आणि मावशी तिकडे गॅस बंद करायची. मग रस्त्याच्या टोकाला स्टेडियम आलं, आणि स्टेडियमकडे जाणारा रस्ता आठपदरी पाहिजे असं कोणीतरी ठरवलं. (कोणी, ते मी विचारत नाही.) मधे छातीएवढा दुभाजक, त्यावर लोखंडी कुंपण, आणि रस्ता ओलांडायची जागा एक किलोमीटर पुढे. आईचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. मावशीला दमा, ती धुळीत खाली उतरेना. एकदा आईला रिक्षात घातलं, तर पलीकडे जायला रिक्षा साडेतीन किलोमीटर उलटी गेली, खोदकामात अडकली, आणि सव्वा तासाने आई उलट्या करत परत घरीच आली. पुन्हा म्हणून रिक्षाचं नाव काढलं नाही.

त्यानंतर दोघी रोज चार वाजता आपापल्या गॅलरीत उभ्या राहून हात हलवायच्या. फोन होता, पण मावशीला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं ती मनाने भरते. शेवटी मी एका गिऱ्हाइकाची दुर्बीण मागून आणली. आईने बराच वेळ पाहिलं आणि ती फार बारीक झालीय म्हणून डोळे पुसले. तेवढ्यात तिकडून मावशीचा फोन आला की थोरली भलतीच जाड दिसतेय, तिला म्हणावं साखर तपासून घे.

मग तुमचा पादचारी पूल आला. चाळीस दिवसांत उभा राहिला, निळा, लोखंडी, दोन्ही टोकांना लिफ्ट, आणि नेमका माझ्या दुकानाच्या दारात. दुकानात भरदुपारी काळोख झाला, सुईत दोरा ओवायला दिवा लावावा लागे. (एका गिऱ्हाइकाच्या करड्या पँटला मी तपकिरी दोऱ्याने तुरपाई केली. त्याने अजून खाली वाकून पाहिलेलं नाही.) तरी आई खूश होती. पहिल्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसून ती लिफ्टपाशी गेली. तिथे पाटी होती, फक्त पासधारकांसाठी. आई पाटी दोनदा वाचून परत आली, पातळाची घडी घालून कपाटात ठेवली आणि जेवली नाही. त्या दिवशी मी तुम्हाला अकरा फोन केले. ते कशासाठी होते हे तुम्हाला आता कळलं.

पण देव कधी कोणाला कोणत्या मापात पाठवेल सांगता येत नाही. स्वयंसेवकांचे गणवेश आले ते सगळे एकाच मापाचे, आणि ते माप कोणत्या राक्षसाचं घेतलं होतं देव जाणे. पूल सांभाळणारी मुलंमुली पँटचे पाय हातात धरून चालत होती. त्यांची प्रमुख एक निवृत्त कवायतीच्या बाई, गळ्यात शिट्टी, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीबाई म्हणतो. त्यांनी दुकानात येऊन विचारलं की परवा सकाळपर्यंत एकशे ऐंशी पँटा आखूड होतील का. मी होय म्हणालो. बायको मशीनवर, मी कात्रीवर, आणि आई गळ्यात टेप अडकवून मापं घ्यायला. आईने त्या पोरांना असं काही रांगेत उभं केलं की शिट्टीबाईंनी शिट्टी खिशात ठेवली.

काम झाल्यावर बाईंनी विचारलं, तुम्हाला काय हवं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "समोर माझी बहीण राहते. मला पलीकडे जायचंय."

बाईंनी समोर पाहिलं, पुलाकडे पाहिलं, मग पासांची यादी काढली. खेळाडू, पंच, प्रेक्षक, अधिकारी, एकातही आई बसेना. शेवटी त्यांची नजर आईच्या गळ्यातल्या टेपवर गेली, आणि दुसऱ्या दिवशी आईचा फोटो लावलेला पास आला. त्यावर लिहिलं होतं, गणवेश मापन साहाय्यक. एवढं मोठं पद आपल्या घराण्यात तुमच्यानंतर आईलाच मिळालं.

आईचा टेप धरणारा म्हणून बाईंनी मलाही सोडलं, तसा मी बरोबर गेलो. मामा, अडीच मिनिटं लागली. तीन वर्षांचा रस्ता, अडीच मिनिटं. मावशीने दार उघडलं. मला वाटलं आता रडारड होणार, मी रुमाल काढून तयार. मावशी म्हणाली, "चपला बाहेर काढ. आत्ताच फरशी पुसलीय."

आईने चपला काढल्या. मग कॉटवर बसून तासभर मावशीचा हात हातात धरून ठेवला आणि मला भाजी आणायला पिटाळलं. मी जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो. रुमाल मलाच लागला.

सतरा दिवस आई रोज गेली. एकदा लिफ्ट मधेच बंद पडली, आत आई आणि एक परदेशी हातोडाफेकवाला. पंचवीस मिनिटं. आईने त्याला गुडघ्यांचा सगळा इतिहास सांगितला. तो बाहेर आला तो आईची पिशवी हातात घेऊन, ती तिला देऊन तिच्यापुढे वाकून गेला. आई म्हणते, इतका ऐकून घेणारा माणूस आपल्या नात्यात एक नाही. (हे तुमच्या फोनला उद्देशून होतं की काय, मी विचारलं नाही.) आईची साखर उतरली, मावशी दोन वेळा जेवू लागली. पदकं कोणत्या देशाला किती मिळाली मला ठाऊक नाही, पण आमच्या घरापुरती स्पर्धा तुम्ही जिंकलीत. तुम्हाला दिलेल्या सगळ्या शिव्या मी मनापासून परत घेतो.

तुमचा कृतज्ञ भाचा

ता. क. पत्र बंद करणार तोच पुलाच्या खांबाला नोटीस लागली, तात्पुरता पूल तीस तारखेपासून काढण्यात येईल, खाली तुमची सही. मामा, मी नियमाबाहेरचं काही मागत नाही. पूल तात्पुरताच राहू द्या. फक्त मागच्या गल्लीतला तात्पुरता वळणरस्ता माझ्या लग्नाआधी केलेला, आणि माझी मुलगी आता नोकरीला लागली. तसा तात्पुरता.

ता. क. दुसरा. वरचं लिहून दोन दिवस झाले. मधल्या काळात आई आणि मावशीचं कडाक्याचं भांडण झालं. विषय, लहानपणी तुम्हाला कडेवर जास्त कोणी घेतलं. अबोला आहे. तरी पूल काढायची घाई करू नका. आज सकाळी आई गुडघ्याला पट्टा बांधून लिफ्टने वर गेली, पूल ओलांडून पलीकडे गेली, आणि मी तुझ्याशी बोलत नाही असं मावशीला दीड तास समजावून आली. स्पर्धा संपल्यापासून पास कोणी विचारत नाही, उद्या मावशी उत्तर द्यायला येणार आहे. तीन वर्षांत प्रथमच ती जिना उतरेल. तेव्हा कोणाच्या कडेवर जास्त होतात ते तुम्हाला आठवत असलं, तरी कृपा करून कोणालाही कळवू नका.