ईम कोणाचा?

अल्स्टन, ३ मार्च १७८८

चि. इझाबेलास थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या एलिनॉरचं लग्न ठरल्याचं लोकर विकणाऱ्याकडून कळलं. आनंद झाला. पण तोच म्हणाला, पोर तुझ्या दिराला, गॅवेनला, 'ईम' म्हणते. वडील नाहीत म्हणून चर्चमध्ये तिचा हात नवऱ्याच्या हातीही तोच देणार.

इझाबेल, ईम म्हणजे आईचा भाऊ. मी अजून जिवंत आहे. आमचे पाद्री सांगतात, लॅटिनमध्ये मामाला 'धाकटा आजोबा' म्हणतात आणि आपला 'ईम'ही त्याच गोत्रातला. आपल्या बाबांमागं ती जागा माझी. शहरात हल्ली मामा-काका सगळ्यांनाच फ्रेंचांचं 'अंकल' चालतं. गॅवेनला ते घेऊ दे. त्याचं तिला लहानपणी गुडघ्यावर बसवून खेळवणं, जत्रेतून रिबिनी आणणं, सगळं माझ्या कानावर आलंय. मला झोप लागत नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
कथबर्ट

हेक्सम, १५ मार्च

ती. दादास इझाबेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र एलिनॉरला वाचून दाखवलं. गॅवेनही बसला होता. कानापर्यंत लाल झाला बिचारा.

तिचे वडील गेले तेव्हा ती लहान होती, तापात होती. मी रोज सांगायचे, रडू नको, तुझा ईम येईल. तुला निरोपही धाडला. खाणीतून सुटका नाही, असं तू कळवलंस. इकडे दार उघडून गॅवेन आत आला. पोरीला वाटलं, हाच तो. त्यानं कितीदा समजावलं, पण तिच्या तोंडी तेच बसलं.

परवा ती म्हणाली, "शब्द मामाचा असेल तर मामाला देते. पण हात काकाच देईल."

आता तूच सांग. रागावलास तरी माया आटू देऊ नको.

तुझी,
इझाबेल

अल्स्टन, २९ मार्च

चि. इझाबेलास आशीर्वाद, वि. वि.

पत्र दोनदा फाडावंसं वाटलं. शब्द घेऊन मी काय करू? पोर ज्याला हाक मारेल, तो वळून बघणार. राहू दे त्याच्याकडेच.

मी लग्नाला येतो. तिनं मला नुसतं कथबर्ट म्हटलं तरी ओ देईन. मात्र जेवणाच्या मेजावर गॅवेन तिच्या उजवीकडे बसणार असेल, तर डावीकडे मी. आणि त्याच्या पुढ्यात वाढशील तेवढंच मटण माझ्याही पुढ्यात हवं.

तुझा,
कथबर्ट