चौथा रिले

३ तारीख

आलो एकदाचा! बसमधून उतरताना बॅगेचा बंद तुटला. बंद शिवेपर्यंत थांबायचं, थांबायचं तर पोट भरायचं, म्हणून समोर जी गिरणी दिसली तिच्यात शिरलो. माझे सगळे मोठे निर्णय असेच झालेत.

रद्दी पुठ्ठ्याची गिरणी आहे. मोठ्या हौदात पुठ्ठे ओततात, तळाशी मोटरवर पातं फिरतं, खाली लगदा. ओल्या पुठ्ठ्याचा वास नाकात मुक्कामालाच येतो. विजेचं काम बघणाऱ्या मेस्त्रींना मदतनीस हवाच होता. शिक्षण विचारलं नाही, बरं झालं. आधीच्या नोकऱ्या का सोडल्या तेवढं विचारलं. खरं तेच सांगितलं, जरा बिनसलं की मी पळतो. मला वाटलं, आता दार दाखवणार. तर मेस्त्री मांडीवर थाप मारून म्हणाले, वा, असाच माणूस शोधत होतो.

राहायला गिरणीच्या आवारातच, त्यांच्याच घरी, वरची खोली. खिडकीखाली पत्र्याचं छप्पर, त्यावर एक कानतुटकी मांजर. वहिनींनी, म्हणजे मेस्त्रींच्या बायकोने, जेवायला वाढताना टोमणा मारलाच. म्हणाल्या, हा खातो तर बरा, टिकेल तेव्हा खरं. मी म्हटलं, वहिनी, असं वाढलंत तर हलणारच नाही. त्या भाताचं पातेलं उचलून आत गेल्या.

६ तारीख

आज शिकलो. (मी! शिकलो!) पॅनेल म्हणजे लोखंडी कपाट, आत तारांचा गुंता. त्यात सॉफ्ट स्टार्टर. मोटर एकदम चालू केली तर हिसका बसतो, पट्टे तुटतात. सॉफ्ट स्टार्टर तिला हळूहळू वेगात आणतो, झोपलेलं पोर जागं न करता उचलावं तसं. आणि रिले म्हणजे राखणदार. पात्यात काही अडकलं की मोटर जास्त वीज ओढते, तसा रिलेही तापतो आणि वेळेवर ट्रिप होतो. म्हणजे वीज तोडून मोकळा.

रिलेची निवड करणं सगळ्यांत अवघड, मेस्त्री म्हणाले. आधीचे तिघे वाया गेले. पहिला आळशी, मोटर जळेपर्यंत सोसत बसला. दुसरा भित्रा, चालू करतानाच पळायचा. तिसरा चांगला होता, पण मुर्दाड झाला. रिलेबद्दल सोयरिकीत मुलं नाकारल्यासारखं बोलत होते. मी पोट धरून हसलो. तेही हसले, जरा उशिरा. मालकांनी बजावलंय म्हणे, आणखी एक मोटर जळाली तर मेस्त्री घरी.

९ तारीख

चौथा रिले बसवला. तारेतली वीज मोजायला तिच्याभोवती एक कडं असतं. बसवण्याआधी मेस्त्रींनी ते माझ्या हातात चढवलं. म्हणाले, भर बांगड्या, लाजतोस काय! निघता निघेना. शेवटी साबण लावून ओढलं, मनगट सोलून निघालं. कड्याला रक्त लागलेलं. मेस्त्रींनी ते पुसलं नाही. तसंच तारेवर सरकवलं.

मोटर चालू केली. जराही हिसका नाही. मला उगाचच गोड वाटलं, उन्हात पाठ शेकत बसल्यासारखं. बॅगेचा बंद अजून शिवलेला नाही. राहू दे, घाई कसली?

१४ तारीख

गंमत आहे. हौदात माल जास्त पडला की मला उकडतं. मी वर खोलीत असलो तरी. काल खिडकीत बसून मांजरीला पाव टाकत होतो, एकदम कान तापले. तेवढ्यात खालून मोटरचा आवाज जड झाला. आधी कान, मग आवाज.

मेस्त्री हल्ली मीटर बघत नाहीत. माझ्याकडे बघतात. वहिनी जेवताना विचारतात, अंग कसंय? आणि उत्तर मेस्त्रींना सांगतात. मला समोर बसवून!

१७ तारीख

पुठ्ठ्याच्या गठ्ठ्याला बांधलेली तार हौदात गेली. पात्यात गुंतली. मी पॅनेलपाशी उभा होतो. आधी हात तापले, मग छाती, मग दात. दातसुद्धा! काही सुचेना, पळालो. फाटकाबाहेर पाय पडला आणि मागे मोटर बंद.

वळणापर्यंत धावत गेलो. नळ दिसला, डोक्यावर पाणी घेतलं. जरा गार वाटलं—

आणि मी पॅनेलपाशी उभा. हात दारावर, केस ओले. चालत आलोच नाही. मेस्त्रींनी पाठ थोपटली. म्हणाले, शाब्बास, अगदी वेळेवर सुटलास.

१८ तारीख

मेस्त्री जेवायला गेले तेव्हा पॅनेल उघडलं. रिलेचा डबा उचकटला. आत काही नाही. तारा जातात, बाहेर येतात, मध्ये पोकळ.

भंगारात जुने तीन पडलेत. एक हलवला, वाजला. आत राख आणि शर्टाचं बटण.

१९ तारीख

रिलेवर एक खटका असतो. हाताने, किंवा आपोआप. हाताने असेल तर ट्रिप झालेला रिले कुणी दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो. आपोआप असेल तर गार झाला की परत जागेवर. आमचा आपोआपवर आहे आणि खटक्याची दांडी मोडलेली. पक्कड घेऊन तो हातावर फिरवायला गेलो.

मान फिरली. माझी. कड्डकन.

वहिनींना सांगितलं. त्या भांडी घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, मागच्यानेही हेच सांगितलं होतं, मी काय करू, माझंही घर याच गिरणीवर चालतं.

२२ तारीख

परत तार. परत पळालो. शेतात पडून राहिलो, वारा सुटला, गार झालो. परत पॅनेलचं दार.

बोटांची टोकं काळी पडलीत. चिमटा काढला तर कळत नाही. मेस्त्रींनी उलटीपालटी करून पाहिली, चेहरा पडला. मालकांना म्हणाले, एखादा झटका काढेल, मग बदलावा लागेल.

२३ तारीख

फाटकाजवळच्या बाकावर नवा कुणी बसलाय, बॅग घेऊन. मेस्त्री त्याला विचारतायत, आधीच्या नोकऱ्या का सोडल्या. मी खिडकीतून ओरडलो. मेस्त्रींनी वर पाहिलं आणि त्याला सावलीत नेलं.

आता एकच. सुटल्यावर गार व्हायचंच नाही.

२५ तारीख

सुटलो. धावतच. थांबलो नाही, पाणी नाही. पुढच्या गावात बेकरी. भट्टीपाशी काम मागितलं, फुकट करतो म्हटलं. बेकरीवाल्या काकी म्हणाल्या, वेडा आहेस का, इथे कुणी टिकत नाही. मी म्हटलं, मी टिकेन. हसू आलं. मी, आणि टिकणार!

२६ तारीख

भट्टीच्या तोंडाशी आहे. झोपायचं नाही, झोपेत अंग निवतं. डुलकी लागली की कानात मोटर. हळू. अगदी हळू चालू होते. पाठ भट्टीला टेकवतो, थांबते.

ताप चढलाय. चढू दे. चांगलाय ताप.

२७

काकी ओरडतायत. पोरा फणफणलायस, मरशील, ऊठ तिथून. नको म्हणतोय. नुसतं नको. बाकी कसं सांगू— तोंड कोरडं—

काकींच्या हातात ओला टॉवेल. चांगल्या आहेत हो. फार चांगल्या. वही धरून ठेवलीये, लिहितोय तोवर इथेच—

कपाळावर ठेवला. गार. किती दिवसांनी— बरं वाट—

नको काकी, काढा, काढा तो— वहीखाली मांडी होती, आता पत्रा लागतोय, पॅनेलच्या दाराचा, आणि कुणीतरी हळू—