नऊ सेकंदांतली ठमी

दि. ४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे, डोकं मात्र फिरलंय. आपली फुटबॉल लीग यंदा टीव्हीवरून उठून त्या अ‍ॅपवर गेली. तीस वर्षं मी त्या लीगचा कॅमेरा चालवला. म्हटलं, आता निवृत्तीत घरबसल्या बघू. तर काय, मैदानात खांबावर एकच कॅमेरा, आणि समालोचक भलत्याच गावी खोलीत बसून खेळाडूंची नावं ठोकून देतो. ऐन पेनल्टीला चित्र थिजतं, मध्ये चकती गरगरते. याला प्रक्षेपण म्हणायचं तर आमच्या लिफ्टमधल्या कॅमेऱ्यालाही पुरस्कार द्या.

ठमीला आशीर्वाद. अजून गोलात उभी राहते का ती?

तुझा,
दादा

दि. ११ मार्च

ती. दादास शि. सा. न.

हो, माझी लेक अजून गोलात उभी राहते. महिला लीगमध्ये तिचं हे चौथं वर्ष. तुला ठाऊक नाही यात नवल नाही. तुमच्या चॅनेलने तीस वर्षांत बायकांची एक मॅच दाखवली नाही. तेव्हा थोरवीची टिमकी माझ्यापुढे वाजवू नकोस. खांबावरून का होईना, अ‍ॅपवर पोर दिसते तरी.

पण त्या दिसण्यानेच घात केला. रविवारी चेंडू येत असताना ठमी जमिनीवर पडून राहिली आणि गोल झाला. अ‍ॅपवाल्यांनी तेवढाच नऊ सेकंदांचा तुकडा कापला, त्याला घोरण्याचा आवाज चिकटवला आणि गावभर केला. आमच्या वॉर्डातल्या नर्सेसनी तो मलाच हसत हसत दाखवला. त्यांना काय माहीत, मुलगी कोणाची! ठमी म्हणते, कोणीतरी मनगटावर पाय दिला होता. पूर्ण मॅच तर अ‍ॅपवर ठेवतच नाहीत. प्रशिक्षकबाई म्हणतात, चित्रात पाय दिसत नाही, शनिवारी दुसरी मुलगी उभी करू. मनगट सुजलंय, हाड शाबूत आहे, पण पोर धड जेवत नाही.

तुझ्या तीस वर्षांचा काही उपयोग असेल तर कर. नसेल तर टोमणे स्वतःपाशीच ठेव.

लोभ आहेच, राग उतरला की वाढेल.

तुझी,
धाकटी

दि. १४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

अ‍ॅपचं ऑफिस आमच्याच गावात आहे, तिथे जाऊन बसलो. मॅनेजर म्हणाला, काका, लोकांना मॅच नको असते, गंमत हवी असते. मी म्हटलं, तुमची गंमत माझी भाची आहे, पूर्ण रेकॉर्डिंग काढा. ते पूर्ण बघावं असं त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. कापलेल्या तुकड्याच्या आधीच्या चार सेकंदांत सगळं लख्ख दिसतं. नऊ नंबरवालीचा बूट ठमीच्या मनगटावर, आणि ही उठायला धडपडतेय. ते चार सेकंद जोडून पुन्हा टाकेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. प्रशिक्षकबाईंनाही पाठवायला लावलं.

निघताना मॅनेजरने विचारलं, ही मॅच तुमच्या चॅनेलकडे असती तर आज काय तपासलं असतं तुम्ही? उद्धट मेला! शनिवारची मॅच कुठे आहे, ते मात्र त्याच्याकडूनच लिहून घेतलं.

तुझा,
दादा

दि. १८ मार्च

ती. दादास शि. सा. न.

शनिवारी ठमीच गोलात उभी होती, मनगटाला पट्टी बांधून. दोन गोल खाल्ले, पाच अडवले. प्रशिक्षकबाईंनी सगळ्या संघासमोर चूक कबूल केली. वॉर्डात मी सांगितलं, ती माझी मुलगी. तेव्हा बायांना फरशीकडे बघण्यावाचून काम उरलं नाही. खरा तुकडा मात्र फारसं कोणी बघत नाही. घोरणारा अजून फिरतोय. थुंकण्याच्या लायकीची माणसं!

तू मैदानात आलास आणि आम्हाला न भेटताच परत गेलास. लाज वाटली असेल, तर बरंच झालं. पण ठमीने तुला गोलामागे उभं असलेलं पाहिलं. तिचा निरोप असा: मामा नव्वद मिनिटं नुसता चेंडूकडे बघत होता. पुढच्या शनिवारी माझ्याकडे बघायचं असेल, तरच ये म्हणावं.

जेवायलाच ये. लोभ थोडा वाढलाय.

तुझी,
धाकटी