पलंग भिंतीपासून वीतभर लांब

३ नोव्हेंबर, सोमवार

सापडला! आणि कुठे, तर मारियामातेच्या तसबिरीमागे. तिच्या प्रार्थनेचा महिना लागायचाय, फुलं ठेवायला कोपरा पुसावा म्हणून तसबीर उतरवली, तर हा मागे चिकटून बसलेला. कॉफीच्या रंगाचा, पाय फाकवलेले, पाठीवर व्हायोलिनसारखा काळा डाग. म्हणजे कोपऱ्यातलाच, तो विषारी कोळी! पळाला कसला— डोळ्यांना दिसेना. पहिली चप्पल मातेला लागली. दुसरी बरोबर बसली. मातेची माफी नंतर मागितली, आधी हा मेलाय की नाही ते बघितलं.

यस्नाला सांगणार नाही. सूनबाईंची अटच आहे. चेरीचा हंगाम लागला की ती पॅकिंगला जाणार, नात माझ्याकडे राहणार. पण— "घरात एक जरी कोपऱ्यातला दिसला, तर रायेन माझ्या आईकडे. अँतोफगास्ताला." अँतोफगास्ता! एक अख्खा दिवस बसमध्ये बसलं तर येतं ते. आठ महिन्यांची पोर. परत येईल तेव्हा चालत येईल आणि विचारेल, ही बाई कोण.

यस्नाच्या मावशीला चावला होता. दंड काळा पडला, मांस झडलं. म्हणून घाबरते. तेवढं मान्य.

४ नोव्हेंबर

सगळे पलंग भिंतीपासून वीतभर ओढले. चादरी वर खोचल्या, जमिनीला टेकायला नकोत. खुंटीवरचे कपडे झटकले. कपाट ओढलं तर मागे बाउदिलियोच्या कवळीचा वरचा भाग. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, अजून त्याचाच पसारा आवरतेय मी!

५ नोव्हेंबर

कोळी एकही नाही. कंबरही नाही.

७ नोव्हेंबर

शेजारची एदेल्मिरा संध्याकाळच्या चहाला आली. पाळण्याच्या वर भिंतीवर काहीतरी हललं. मी चप्पल उचलली तर तिने मनगटच धरलं.

"अगं उबेर्लिंदा, वाघाला मारतेस?"

"मला सगळे सारखेच."

"चष्मा घाल म्हणजे सारखे दिसणार नाहीत. हाच तर कोपऱ्यातल्याला खातो!"

घातला चष्मा. खरंच वाघ-कोळी. काटकुळे लांब पाय, पिवळट अंग, त्यावर काळे ठिपके. चाल अशी की पेन्शन आणायला निघालाय. कोपऱ्यातला कधी असा चालत नाही, पळतो. आमच्या आईने एकही वाघ मारू दिला नव्हता, आणि मी या आठवड्यात चष्म्याशिवाय दोनतीन तरी चिरडले असतील. म्हणजे चोर राहिले आणि पोलीस मेले!

आता ठरवलं. वाघोबा राहणार. न्हाणीतला लांबटांग्या राहणार— हात लावला की जाळ्यात थरथरतो, एवढाच त्याचा पराक्रम. खिडकीतला उड्या मारणारा राहणार, माशा खातो. बाकी कुणी दिसला तर चप्पल. पण आधी चष्मा.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळे आले. मी खिमा भरून एम्पानादा केले होते, करंजीसारखे. यस्ना दारातून आली ती तडक पाळण्याकडे, आणि किंचाळली. "कोळी! बघा, कोळी! म्हटलं नव्हतं मी?"

वाघोबा आपल्या जागेवर, ढिम्म.

निबाल्दो माझ्या पोटचा, याच घरात वाढलेला. हसतच सुटला. "अगं तो वाघ आहे. लहानपणी माझ्या उशाशी दोन असायचे. तो आहे म्हणजे आईचं घर बिनधास्त."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"कोळ्याच्या," म्हणाला मेला.

यस्नाने जेवताना एम्पानाद्यातली ऑलिव्ह तेवढी वेचून ताटाच्या कडेला मांडली. कोळी धोक्याचा नाही कळल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडतो. हिचा कुठे पडला कुणास ठाऊक. निबाल्दो मात्र खुशीत. हंगामाच्या पैशातून गाडी घ्यायचीय त्याला, मागे सामान टाकायची. रंगसुद्धा ठरलाय.

रायेनने माझी चप्पल चोखली. तीच, कोळी मारायची. मी बघितलं, यस्नाने नाही. देव आहे.

१२ नोव्हेंबर

एदेल्मिरा म्हणाली, कोपऱ्यांत निलगिरीचा पाला ठेव, कोळी येत नाहीत. ठेवला. आज बघते तर पाल्यातच एक आरामात बसलेला! साधाच होता. पाला चुलीत. झाडू तो झाडू.

१३ नोव्हेंबर

पाळण्याला नवी गादी शिवली. जुनी बरी होती. असो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

यस्ना न सांगता आली. एकटी, पोरीला कडेवर घेऊन. पोर माझ्याकडे दिली आणि पिशवीतून बॅटरी काढली. "आई, मी जरा बघते."

बघ म्हटलं. माझं काय जातं?

पण हे बघणं वेगळंच. पोलिसांनी झडती घ्यावी तसं! तसबिरी उतरवल्या, फळ्यांच्या फटीत बॅटरी मारली, कपाटाखाली पालथी पडली, माझ्या कोटाच्या बाह्या उलट्या केल्या. चुलीमागे हात घातला— जिथे मीसुद्धा काठी घालते! म्हटलं, "पोरी, चावेल." तर म्हणे, "चावू दे."

एक नाही सापडला. मला वाटलं, आता तरी म्हणेल, आई, घर लख्ख ठेवलंत. कसलं काय! जमिनीवर बसली, केसात जळमटं, आणि चेहरा असा की नुकतंच कुणाला पोहोचवून आलीय.

१६ नोव्हेंबर

कोळी नाही म्हणून रडवेली होणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

१९ नोव्हेंबर

हंगाम सोमवारपासून. यस्ना आज पोरीचे कपडे ठेवायला आली. एकेक झबलं काढायची, घडी मोडायची, परत घालायची. मग रायेनला पाजायला बसली आणि तिच्या डोक्याकडे बघतच म्हणाली, "आई, एक तरी असायला हवा होता हो."

"काय?"

"कोपऱ्यातला. एक निघाला असता तरी."

"म्हणजे नात अँतोफगास्ताला!"

"तिकडे कोण पाठवतंय? एवढ्या लांब निबाल्दो पाठवणारच नाही. म्हणाला असता, मग राहा घरी."

आत्ता पेटली माझी ट्यूब. मी म्हटलं, "अगं मग तोंड उघडून सांग ना त्याला, पोरीला सोडवत नाही म्हणून. कोळ्याच्या आड कशाला लपायचं?"

"सांगितलं. दोनदा सांगितलं. म्हणतो, सगळ्याच जातात, तुझंच काय नवीन. माझं नाही ऐकत आई. कोळ्याचं ऐकेल."

रायेन पिता पिता झोपली. मूठ यस्नाच्या गळ्यातल्या साखळीत, घट्ट. सोडवायला गेले तर झोपेतसुद्धा सोडेना. झबली फळीवर लावली. सगळी फळी भरली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी निबाल्दोला फोन केला. म्हटलं, पाळण्याच्या गादीखाली कोपऱ्यातले निघाले, पिल्लांसकट. पोर इकडे आणू नका, यस्नाला घरीच राहू दे.

"एवढी साफसफाई करून?" म्हणाला.

म्हटलं, हो, एवढी करून.